नावाशेजारचा नांगर

ग्रीनॉक, ९ नोव्हेंबर

रुअरी,

'प्रिय' लिहावं की नाही यावर विचार करता करता चहा गार झाला, म्हणून नुसतंच नाव लिहिलंय. राग मानायचा असेल तर मान. चार वर्षांत तू मला नाताळचं साधं कार्ड पाठवलं नाहीस. मीही पाठवलं नाही, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते.

कामाचं सांगते. मी सुट्टीवर निघालेय. पुढच्या जूनमध्ये, जहाजाने. इथल्याच धक्क्यावरून सुटतं आणि आठ दिवस फिरून इथेच परत येतं. आधी बेटं, मग ऑर्कनी, मग पलीकडे नॉर्वे. तिसऱ्या दिवशी स्कॉरवे. आता एवढ्या बेटांतून त्यांनी नेमकं आपलंच बेट निवडलं, त्याला मी काय करणार? मी काही तुला भेटायला येत नाहीये. फक्त कळवून ठेवतेय. नाहीतर फर्करच्या बायकोने मला पाहिलं, की तासाभरात गावभर होणार, बहीण येऊन गेली आणि भावाला पत्ताही नाही.

तुला वाटत असेल, तिकीट काढलं की झालं. तुमचं होत असेल तसं. मी आणि खालच्या मजल्यावरची नेटा अशा आम्ही दोघी गेलो होतो तिकिटांच्या दुकानात. नेटा माझ्यासोबत येणार आहे. नवरा गेल्यापासून तिला माझ्या डोक्यावर बसण्यापलीकडे उद्योग नाही. दुकानातली शोना नावाची पोरगी गोड आहे, पण माझ्या डोक्यावरून नेटाशीच बोलत होती.

"त्यांना खिडकीची खोली चालेल का?"

"चालेल, चालेल," नेटा म्हणाली.

"आणि त्यांना थोडंफार चालता येतं का?"

"अगं, पूर्वी काय चालायची! शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभी असायची ही."

"माझे पाय गेलेत गं पोरी, जीभ जागेवर आहे," मी म्हटलं. "मला विचार."

शोना लाल झाली, माफी मागितली, आणि पुढचा प्रश्न पुन्हा नेटालाच विचारला.

चाकांची खुर्ची फिरेल अशा खोल्या अख्ख्या जहाजावर बोटांवर मोजण्याइतक्या. त्या जरा ऐसपैस असतात म्हणून धडधाकट माणसंही पटकावतात. मला मिळाली ती कुणीतरी रद्द केली म्हणून. मग मी सुरू झाले. दाराला उंबरा नाही ना? न्हाणीघरात बसायला फळी आहे ना? डेकवर गेले तर परत आत वळता येईल ना, की तिथेच समुद्राकडे तोंड करून नॉर्वेपर्यंत? शेवटी शोना म्हणाली, "बाई, तुम्ही जहाज विकत घेताय असं वाटतंय." मी म्हटलं, घर घेताना एवढं पाहिलं असतं, तर आज लिफ्टच्या मर्जीवर जगले नसते.

एक मात्र मी बजावून सांगितलं. मला कुणी उचलायचं नाही. आग लागली की लिफ्ट बंद होते आणि चार माणसं तुम्हाला जिन्यावरून खाली नेतात म्हणे. म्हटलं, ठीक, पण जहाज बुडायला लागल्यावर. त्याआधी मला हात लावायचा नाही.

एवढंच.

इशबेल


ग्रीनॉक, ४ डिसेंबर

रुअरी,

तुझं कार्ड मिळालं. पुढे मेंढीचं चित्र, मागे एक ओळ. "बाहेरूनच बघून जाणार असशील तर कळवायची तसदी कशाला घेतलीस?" सहीसुद्धा नाही. मेंढीने लिहिलं असतं तर जरा जास्त लिहिलं असतं.

बाहेरून म्हणजे काय रे? मी उतरणार आहे. धक्क्यावरच्या हॉटेलात मटणाचं सूप पिणार आहे, आणि मग टेकडीवर आईकडे जाणार आहे. तुझी परवानगी मी मागितलेली नाही. बाहेरून बघायची सवय मला नव्हती, ती तू लावलीस.

हे मी लिहिणार नव्हते. नेटा म्हणते, पोटात ठेवलेलं नासतं. तर घे. फेब्रुवारीतला तो पाऊस. तू मला गाडीत बसवलंस, हीटर लावलास, मांडीवर घोंगडी टाकलीस आणि दार लावलंस. अगदी हळू लावलंस, तेही मी पाहिलं. दफनभूमीच्या फाटकापासून आत सगळे चालत गेले. शवपेटी खाली सोडायच्या दोऱ्या ज्याच्या त्याच्या हातात दिल्या गेल्या. पहिली दोरी, डोक्याकडची, थोरल्या लेकराची असते. बाबांच्या वेळी ती मी धरली होती, तेव्हा मी माझ्या पायांवर उभी होते. आईच्या वेळी ती फर्करच्या हातात होती. आपला चुलतभाऊ आहे, मान्य. पण हा तोच फर्कर, जो चहाचे भुरके मारतो म्हणून आई त्याला आतल्या खोलीत बसवायची नाही.

काचेवर वाफ धरत होती. मी बाहीने पुसत होते आणि ती पुन्हा धरत होती. आईला खाली सोडताना मला फक्त तुमच्या पाठी दिसल्या. परत आल्यावर तू म्हणालास, "जमीन ओली होती. खुर्ची रुतली असती." आणि गाडी सुरू केलीस.

त्यानंतर तुझ्याशी काय बोलायचं ते मला सुचलं नाही. अजून नीट सुचत नाही.

इशबेल


ग्रीनॉक, २१ जानेवारी

रुअरी, ऐक.

मी एक गाढवपणा केलाय आणि तो दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावा. जहाजाच्या माहितीपुस्तकात सगळ्या ठिकाणांची नावं आहेत. स्कॉरवेच्या नावाशेजारी नांगराचं एक बारीकसं चित्र आहे. मला वाटलं, शोभेला काढलंय. परवा शोनाला सहज विचारलं, धक्क्यावर टॅक्सी मिळेल का, तर तिने त्या चित्रावर बोट ठेवलं.

"बाई, तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. नांगर टाकून बाहेर उभं राहतं. लोकांना छोट्या बोटींतून नेतात. त्या चित्राचा अर्थच तो."

"आणि खुर्चीला?"

"समुद्र शांत असला आणि कप्तान हो म्हणाला तर खलाशी खुर्चीसकट बोटीत ठेवतात."

"ठेवतात म्हणजे उचलतात."

"उचलतात," ती म्हणाली. "आणि बाई, त्यावर भरवसा ठेवू नका. पुष्कळदा नाहीच म्हणतात."

आता तू हसशील. धक्क्याच्या मुकादमाची मी मुलगी. बाबांनी जन्मभर आलेल्या बोटींचे दोर झेलले. बोट आली म्हणजे धक्क्याला लागली, याच्यापलीकडे आपल्या घरात बोटीचं दुसरं काही व्हायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. ही एवढाली पांढरी जहाजं मी बेट सोडल्यानंतरची. आणि तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून ते 'बाहेरूनच'. तुला वाटलं, बहीण मुद्दाम समोर येऊन उभी राहणार आणि पाय न लावता निघून जाणार. वाटणारच. मी एवढी दुष्ट असू शकते हे तुला पटलं, याचं मात्र वाईट वाटलं.

तू विचारशील, मग फेरीबोटीने का येत नाहीस? फेरी रोज येते, तिला लिफ्ट आहे आणि ती धक्क्याला लागते. खरं सांगू? फेरीने आले असते तर ते तुझ्याकडे येणं झालं असतं. तू दार उघडलं नसतंस तर मी परतीच्या बोटीची वाट बघत धक्क्यावर बसले असते आणि सगळ्या गावाने पाहिलं असतं. जहाजाचं तसं नाही. तू आला नसतास तरी मी सूप पिऊन परत गेले असते, सुट्टीवर आलेली एक बाई.

रद्द केलेलं नाही. करावं की काय, कळत नाही.

इशबेल


ग्रीनॉक, १७ एप्रिल

प्रिय रुअरी,

तुझा फोन आला त्याला आता दोन महिने झाले. तू म्हणालास, "इथे वारा फार आहे." मी म्हणाले, "इथेही." मग तू म्हणालास, "बरं, ठेवतो." चार वर्षांनी ऐकलेला आवाज, आणि तो वाऱ्यावर खर्च केलास. तरी बरं वाटलं. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

आज मात्र अडला हरी. नेटा चर्चच्या हॉलमधल्या पायरीवरून घसरली. गुडघ्याची वाटी. उन्हाळाभर तिला काठीशिवाय चालता येणार नाही. तिच्या घरी गेले तर ती रडत म्हणाली, "माझ्यामुळे तुझी सुट्टी बुडाली." कारण जहाजाचा नियम असा, की खुर्चीवरच्या माणसाला एकट्याने येता येत नाही. सोबत कुणीतरी धडधाकट मोठं माणूस हवं, त्याच खोलीत राहणारं, वेळ आली तर मदत करू शकेल असं. मी छत्तीस पोरांचं जेवण एकटीने रांधलंय, पण आठ दिवस एकटीने समुद्र बघायची मला परवानगी नाही.

मी सगळ्यांचा विचार करून पाहिला. नेटाची भाची दारू पिते. शाळेतली मार्गरी माझ्याशी बाळाशी बोलावं तसं बोलते, तिला मी दुसऱ्याच दिवशी समुद्रात ढकलेन. मग एकच नाव उरलं.

तुला ही जहाजं आवडत नाहीत, मला माहीत आहे. गेल्या वर्षी वर्तमानपत्रात तुझं पत्र आलं होतं, 'तरंगते फ्रिज' म्हणून. धक्का प्लास्टिकच्या रेनकोटांनी भरतो आणि जाताना कुणी एक पाव विकत घेत नाही म्हणून. ते मी कापून ठेवलंय. छान लिहिलं होतंस. तर तुला मी त्याच फ्रिजमध्ये आठ दिवस राहायला बोलावतेय, बहिणीच्या खोलीत, दोन पलंगांमध्ये जेमतेम खुर्ची जाईल एवढी वाट.

मी तुला विचारतेय. हुकूम नाही, टोमणा नाही. नाही म्हणालास तर मी रद्द करेन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

इशबेल


ग्रीनॉक, २ मे

प्रिय रुअरी,

"घोरतो. टाय घालणार नाही. कुत्रा फर्करकडे ठेवतो."

हे तुझं कार्ड मी नेटाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "होकार आहे का हा?" म्हटलं, आमच्या घरात याच्याहून मोठा होकार कुणी दिलेला नाही.

टाय राहू दे. जाड मोजे आण. खुर्ची ढकलायची एक पद्धत असते, ती मी शिकवेन. उतारावर मागे वळून धरायची, आणि न सांगता ढकलायला सुरुवात करायची नाही. माणूस दचकतं.

तू येतोयस. मला आनंद झालाय, आणि तो लपवायचा मला कंटाळा आलाय.

इशबेल


जहाजावर, १२ जून

प्रिय रुअरी,

तू या क्षणी वरच्या डेकवर आहेस, आणि बर्मिंगहॅमच्या त्या जोडप्याला धक्का म्हणजे काय असतं ते समजावून सांगतोयस. मला खोलीतूनही तुझा आवाज येतोय. समोरासमोर सांगायला गेले तर तू वाऱ्याविषयी बोलायला लागशील, म्हणून लिहितेय. उशीवर ठेवीन.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, चूक झाली. तू मला दाराच्या चौकटीवर आपटलंस, मग जेवणाच्या हॉलमध्ये एका वाढप्यावर. मला त्या मांडलेल्या टेबलांवर नुसत्या भांड्यांच्या कडा दिसतात, म्हणून तू ताट भरून आणलंस. हेरिंग मासे, बटाटे, पुन्हा हेरिंग.

"मला काय हवं ते विचारलं नाहीस."

"हेरिंग आवडतं तुला."

"आवडतं. तरी विचार."

तू ताट उचललंस, परत गेलास, रिकाम्या हाताने आलास आणि सगळ्या हॉलसमोर विचारलंस, "काय हवं?" मी म्हटलं, "हेरिंग." शेजारची बाई ठसका लागेपर्यंत हसली. तू हसला नाहीस. पण रात्री दिवा घालवल्यावर तुझ्या पलंगाकडून बराच वेळ खुसखुस येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेकवर तूच विषय काढलास. माझ्याकडे न बघता, कठड्याशी उभा राहून.

"त्या दिवशी चौघांनी तुला खुर्चीसकट उचलून नेलं असतं, तर तुला आवडलं असतं?"

"नसतं आवडलं."

"मग?"

"कदाचित मी नाहीच म्हणाले असते. पण ते 'नाही' मी म्हणाले असते, रुअरी. तू नाही."

तू म्हणालास, "फर्करला दोरी द्यायला नको होती." मी म्हटलं, "फर्करला काहीच द्यायला नको." त्यावर तू शेवटी हसलास.

आणि काल. सकाळी पडदा उघडला तर समोर स्कॉरवे, ताटात वाढल्यासारखं. समुद्र तेल ओतल्यासारखा शांत होता. खालच्या दाराशी लोक बोटीत उतरत होते, आणि तो टोपीवाला अधिकारी आपल्याकडे आला. आपल्याकडे म्हणजे तुझ्याकडे.

"कप्तान हो म्हणालेत साहेब. पाणी शांत आहे. आमची चार माणसं खुर्ची उचलून बोटीत ठेवतील. बाईंना चालेल ना?"

तू त्याच्याकडे असं पाहिलंस, जसं बाबा चुकीचा दोर फेकणाऱ्या खलाशाकडे पाहायचे.

"मला काय विचारता? ती बसलीय समोर. तिला विचारा."

बिचारा वाकला आणि मला विचारलं. रुअरी, मी घरूनच 'नाही' म्हणायचं ठरवून आले होते. तुलाही ते ठाऊक होतं. म्हणूनच तू तोंड फिरवून पाण्याकडे बघत उभा राहिलास, तुझ्या तोंडावरची इच्छा मला दिसू नये म्हणून. मी हो म्हणाले. त्या चौघांनी मला उचललं तेव्हा लाज वाटली, आणि एका क्षणात मी बोटीत होते. एवढंच होतं ते.

टेकडीच्या रस्त्यावर तू कुणाला हात लावू दिला नाहीस. फर्कर मदतीला धावला तर त्याला म्हणालास, "तू कुत्रा धर." दफनभूमीच्या फाटकाशी थांबलास. धापा टाकत होतास. आत रस्ता नाही, नुसतं गवत, आणि रात्री पाऊस पडून गेलेला.

"ओलं आहे. रुतेल," तू म्हणालास. आणि मग, "जायचं?"

"ढकल," मी म्हटलं.

आणि रुतली. खरंच रुतली रे! आईच्या दगडासमोर पोचलो, आणि दोन्ही चाकं अर्ध्यापर्यंत चिखलात. तू ओढलंस, मी ढकललं, तू गुडघ्यांवर आलास, तुझी चांगली विजार गेली. "म्हटलं होतं ना, रुतेल म्हणून," तू म्हणालास. "रुतली, मग?" मी म्हटलं. तू फळी आणायला खाली गेलास.

तुला ठाऊक नाही ते इथून पुढचं. हे पत्र त्याच्यासाठीच आहे.

मी आणि आई, दोघीच उरलो. मला हलताच येत नव्हतं, त्यामुळे निघायचीही घाई नव्हती. खाली समुद्रात आपलं पांढरं जहाज उभं होतं. मी चार वर्षं आईला सांगायच्या तुझ्या तक्रारी साठवून ठेवल्या होत्या. ओळीने पाठ होत्या, कुठून सुरुवात करायची तेही ठरलं होतं. आंघोळ करताना, लिफ्टची वाट बघताना, कितीदा घोकल्या असतील. तू फळी घेऊन परत आलास आणि माझे डोळे पाहून म्हणालास, "वारा लागला का?" मी हो म्हटलं.

वारा नव्हता. तू फाटकातून बाहेर गेल्यावर मी तोंड उघडलं, आणि त्या सगळ्या पाठ केलेल्यातली एकही तक्रार आली नाही. आलं ते एवढंच. "आई, मला रुअरीने आणलं."

इशबेल